तीसपैकी नऊ, आणि घरी सांगितलेले ‘सगळे ठीक आहे’

महाविद्यालयाचे पहिले सत्र अर्धे सरले, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून-जुलैत ‘कोणती शाखा घेऊ’ असे विचारणारीच मुले दिवाळीच्या आसपास ‘जमत नाही’ असे लिहू लागतात. या वेळी तशा पत्रांपैकी चार निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील नेहमीप्रमाणे गाळला आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्याच्यासोबत उत्तरपत्रिकेचे छायाचित्र आले होते, आणि पहिल्या वर्षाला गणित शिकवण्यात ज्या बाईचे आयुष्य गेले तिला उत्तरपत्रिका दिसली की तपासल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातला असून पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. बारावीला ८९ टक्के आणि सीईटीला ९४ पर्सेंटाइल होते. माझा प्रवेश तिसऱ्या फेरीत झाला. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतो आणि मेसला जेवतो. सत्राच्या मधल्या परीक्षेत मला गणितात ३० पैकी ९ गुण पडले. वर्गातली मुले इंग्रजीत धडाधड उत्तरे देतात. मला शंका आली तरी विचारायची लाज वाटते. रात्री दोन-अडीचपर्यंत वाचतो, पण सकाळी काही आठवत नाही. परीक्षेच्या वर्गात छाती धडधडते आणि तळहातांना घाम सुटतो. वडिलांचा रोज रात्री फोन येतो. ते ‘अभ्यास कसा चाललाय?’ असे विचारतात आणि मी ‘ठीक चाललाय’ असे सांगतो. यंदा सोयाबीनचे काय झाले, हे मी विचारले तर तेही ‘ठीक आहे’ एवढेच म्हणतात. अभियांत्रिकी सोडून बी.एस्सी.ला जावे का? मी मुळातच कच्चा होतो आणि ते आता उघडे पडले, असे वाटते. उत्तरपत्रिकेचा फोटो जोडला आहे.

उत्तर : तुझे पत्र वाचण्याआधी मी उत्तरपत्रिका वाचली. दुसऱ्या प्रश्नात पाच गुणांसाठी एक सीमा काढायची होती: क्ष शून्याकडे जात असताना ‘साइन क्ष वजा क्ष, भागिले क्षचा घन’. तू प्रश्नाखाली फक्त ‘वजा एक षष्ठांश’ असे लिहून दोन रेघा ओढल्या आहेस. उत्तर अचूक आहे आणि गुण मिळाला आहे एक. शेवटच्या पानावर ‘रफ’ अशी चौकट आखून तेच गणित तू नेटके सोडवले आहेस. अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात हे तू पाहिलेस, ज्या नियमाला वर्गात कोणीतरी हमखास ‘एल हॉस्पिटल’ म्हणते तो लोपितालचा नियम लावलास, वर-खाली तीनदा विकलन केलेस आणि उत्तरापर्यंत पोचलास. एवढे सगळे करून झाल्यावर तू त्या चौकटीवर तिरपी रेघ मारलीस. तपासणाऱ्याला खोडलेल्या मजकुराचे गुण देता येत नाहीत. असेच आणखी दोन प्रश्नांत झाले आहे. रफमधले सगळे समोर लिहिले असतेस, तर माझ्या हिशेबाने तुला १५ गुण पडले असते. उरलेले १५ मात्र तुला येत नव्हते म्हणूनच गेले, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता ही रेघ कुठून आली ते पाहू. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकाला २ गुण असतात, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. त्यामुळे दोन वर्षे तू पायऱ्या मनात किंवा कोऱ्या कागदावर कशाबशा उरकायला आणि चार पर्यायांतला एक टिपायला शिकलास. ते तू चांगले शिकलास, म्हणून तर ९४ पर्सेंटाइल मिळाले. अभियांत्रिकीची परीक्षा नेमके उलटे मागते. तिथे उत्तराला एखादा गुण आणि मांडणीला चार असतात. जी सवय तुला इथवर घेऊन आली तीच आता आडवी येते आहे, आणि याला कच्चेपणा म्हणत नाहीत. पुढचे तीन आठवडे एकच कर: वहीत रफची जागाच ठेवू नकोस, जे काही करशील ते पहिल्या ओळीपासून समोरच लिही, आणि प्रत्येक ओळीला ‘हे का’ याचे उत्तर चार शब्दांत शेजारी लिही. आठवड्यातून एकदा ते पान विषयाच्या शिक्षकांना दाखव.

शिक्षकांना दाखव असे म्हटले, की तुझी इंग्रजीची लाज पुढे येईल, हे मला ठाऊक आहे. तासाला फळ्यासमोर इंग्रजीत बोलणारा माणूस जिन्यात भेटला, की बहुधा मराठीतच बोलतो. शंका मराठीत विचारली म्हणून मी कोणाला कधी परत पाठवले नाही, आणि माझ्या ओळखीच्या कोणत्या सहकाऱ्यानेही पाठवल्याचे आठवत नाही. शिवाय गणिताचे इंग्रजी ते किती? ‘लेट’, ‘हेन्स’, ‘सच दॅट’, ‘इफ अँड ओन्ली इफ’ म्हणजे आपले ‘जर आणि तरच’, अशी काही डझन शब्दांची पुंजी असते, आणि तीच पुन्हा पुन्हा येते. वहीच्या शेवटच्या पानावर ही यादी कर; महिनाभरात तिच्यात भर पडायची थांबेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, आणि पहिल्या वर्षाची पुस्तकेही मराठीत करून घेतली. ती परिषदेच्या ‘ई-कुंभ’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. परीक्षा इंग्रजीतच द्यायची असली, तरी एखादी संकल्पना अडली की तिथले मराठी पान उघडून पाहायला काहीच हरकत नाही.

न येणाऱ्या १५ गुणांविषयी बोलायचे, तर त्यातले बरेचसे टेलरच्या श्रेणीवरचे आहेत, आणि तो भाग तुझा प्रवेश व्हायच्या आत शिकवून झाला असणार. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि महाविद्यालये पहिल्या फेरीतल्या मुलांना घेऊन तास सुरू करतात. मग तिसऱ्या फेरीत येणारा मुलगा पहिल्या दिवशी वर्गात बसतो, तेव्हा फळ्यावर कशाचा तरी मधला भाग चालू असतो. त्या मुलाला वाटते, की इतरांना कळते आणि आपल्याला कळत नाही. प्रत्यक्षात त्याने आधीचे दोन-तीन आठवडे ऐकलेलेच नसतात. पहिल्या फेरीतल्या कोणाची तरी वही घेऊन तेवढ्या पानांची झेरॉक्स काढ. दोन रविवारांचे काम आहे.

‘वर्गातली मुले’ या शब्दांवरही थोडे लिहायला हवे. पर्सेंटाइलच्या चाळणीतून जवळजवळ एकाच जाडीचे दाणे एका वर्गात पडतात. सत्तर मुलांच्या वर्गात पस्तीस मुले मधल्या रेषेच्या खाली असणारच, याला कोणाचा इलाज नाही, आणि त्या पस्तीस जणांतला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिल्या पाचांत असतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात मला दर वर्षी एक गंमत दिसे, म्हणजे आज गंमत म्हणते, तेव्हा पोटात कालवत असे. पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटल्या, की मुले त्या हातात घेताक्षणी घडी घालत, गुणांचा आकडा आत जाईल अशी. सत्तरच्या सत्तर घड्या! त्यामुळे शेजाऱ्याला किती पडले हे कोणालाच कळत नसे, आणि प्रत्येकाला आपणच सर्वांत मागे आहोत असे वाटत राही. तुझ्या खोलीतल्या मुलाला तुझा आकडा सांगून बघ. त्याचा तो सांगेल, आणि बहुधा तो २८ नसेल.

रात्री दोन-अडीचपर्यंत वाचून सकाळी आठवत नाही, यात नवल नाही. दिवसभरात जे वाचले ते मेंदूत पक्के होण्याचे मोठे काम झोपेत होते, आणि तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. मेसच्या जेवणानंतर अकराला टपरीवर चहा होत असेल, असा माझा अंदाज आहे. चहा-कॉफीतले कॅफिन शरीरातून निम्मे जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराच्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे चारला अंगात असते. तो चहा संध्याकाळी पाचला घे. बारापर्यंत दिवा बंद कर. आणि ‘वाचतो’ हा शब्द सोड: पान वाचून झाले की ते मिटून, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहून काढ. वाचताना आपल्याला मजकूर ओळखू येतो, आणि ओळखू आला की तो येतो असे वाटते. परीक्षेत मात्र तो समोर नसताना आठवावा लागतो.

छातीच्या धडधडीविषयी दोन गोष्टी सांगते. परीक्षेच्या वर्गात ती होते, कारण शरीर संकट ओळखून अॅड्रेनलिन सोडते. ते पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते, आणि आपण बाकावर बसलेलो असतो. श्वास चार अंक मोजत घ्यावा आणि सहा ते आठ अंक मोजत सोडावा, असे तीन-चार मिनिटे केले की धडधड उतरते, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावणारा मज्जातंतू कामाला लागतो. हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नये, आधी रोज रात्री करून सवय लावावी. दुसरी गोष्ट अशी, की धडधड एरवीही होत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर एकदा डॉक्टरांकडून रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-१२ एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. मेसच्या पातळ वरणावर आणि न्याहारीऐवजी बिस्किटांवर राहणाऱ्या मुलांचा ‘ताण’ कधी कधी निम्मा रक्तातला असतो.

आता वडील. तुझ्या पत्रात मला सगळ्यांत जड वाटले ते हे, की रोज रात्री दोन माणसे एकमेकांना ‘ठीक’ असे सांगून फोन ठेवतात आणि दोघेही जागे राहतात. तुझा अभ्यासाचा ताण खरा आहे, पण त्याला सीमा आहे. टेलरची श्रेणी दोन रविवारांत संपते. लपवण्याच्या ताणाला अशी सीमा नसते, कारण आजचे ‘ठीक’ उद्या सांभाळावे लागते, आणि निकाल लागेपर्यंत त्याचे ओझे रोज थोडे वाढते. निकाल तर लागणारच आहे. म्हणून तू आधी सांग, आणि आकड्यासकट सांग. ‘जरा अवघड जातंय’ असे मोघम सांगितलेस, तर ते रात्रभर त्याचा अर्थ लावत बसतील. ‘बाबा, गणितात तीसपैकी नऊ पडले. पंधरा पडायला हवे होते, लिहिण्याच्या पद्धतीत चुकलो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बुडालेत, ते दोन रविवारांत भरून काढतोय,’ एवढे पुरे आहे. कदाचित ते क्षणभर गप्प राहतील. तो राग असेलच असे नाही. शेतकऱ्याला पीक गेल्याची बातमी आणि त्यावरचा उपाय एका दमात ऐकायची सवय असते, त्यांना जरा वेळ दे. त्यानंतर सोयाबीनचे विचार. मला वाटते, या वेळी ते क्विंटलचा भाव सांगतील.

घरची चणचण हेही कारण असेल, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर तुझा अर्ज भरला गेला आहे की नाही ते या आठवड्यात तपास. शिक्षण शुल्काच्या शिष्यवृत्तीखेरीज बाहेरगावी राहणाऱ्या मुलांसाठी प्रवर्गानुसार स्वाधार, स्वयं, सावित्रीबाई फुले आधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यावाचून अडणारे अर्ज मी खूप पाहिले. तो दाखला काढायचे काम वडिलांना सांग, त्यांनाही काहीतरी करता आल्याचे बरे वाटेल. ‘कमवा व शिका’ची चौकशीही विद्यार्थी विकास कक्षात कर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याचे महाविद्यालय काढले ते याच तत्त्वावर, आणि त्या कामात कमीपणा मानणारी मुले पुढे मला क्वचितच भेटली.

राहिला अभियांत्रिकी सोडण्याचा प्रश्न. पहिल्या सत्राच्या मधल्या परीक्षेवरून तो ठरवू नकोस. एखादा विषय राहिला तर एटीकेटी आहे, तो पुढच्या वेळी सुटतो. ‘केटी’ लागलेल्या किती मुलांना मी पुढे अंतिम वर्षाला प्रकल्प सादर करताना पाहिले, त्यांची गणती नाही. दुसऱ्या सत्राचा निकाल हातात आल्यावर, तोवर वरच्या गोष्टी केलेल्या असतील आणि तरीही यंत्रे, विद्युत मंडले, आज्ञावली यांतले काहीच तुला ओढून घेत नसेल, तर बी.एस्सी.ला खुशाल जा. तेव्हा तो निर्णय आवडीचा असेल. आज घेतलास तर तो एका तिरप्या रेघेचा होईल.

प्रश्न : माझी मुलगी चिपळूणहून मुंबईला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली आहे आणि वसतिगृहात राहते. गणपतीला घरी आली होती, तेव्हापासून रोज रात्री फोनवर रडते. ‘आई, मला घेऊन जा’ असे म्हणते. मला रात्र-रात्र झोप येत नाही. यजमान म्हणतात, सवय होईल. तिला परत आणावे का?

उत्तर : ताई, गणपतीनंतर परत जाणे हे पहिल्यांदा घर सोडण्यापेक्षा अवघड असते. जुलैत मुलगी नव्याच्या भरात गेली होती. सप्टेंबरात ती काय सोडून चालली आहे ते नीट पाहून गेली. कोकणातल्या मुलींचे हे रडू मी वसतिगृहाची अधीक्षक होते त्या चार वर्षांत दर वर्षी पाहिले आहे, आणि ते बहुतेकींचे दिवाळीनंतर ओसरते.

मी स्वतः शिकायला बाहेर होते, तेव्हा घरी पत्र पोचायला चार दिवस लागत. मी रडत लिहिलेले पत्र आई वाची, तेव्हा मी मैत्रिणींबरोबर कुठेतरी हसत असे. आता रडू येते त्याच मिनिटाला फोन लागतो. म्हणजे तुमच्या वाट्याला तिच्या दिवसातली सर्वांत वाईट दहा मिनिटे येतात, आणि फोन ठेवल्यावर ती बहुधा जेवायला जाते, तुम्ही मात्र रात्रभर ती दहा मिनिटे ऐकत राहता. फोनची वेळ झोपण्याच्या तोंडावर न ठेवता संध्याकाळी चहाच्या सुमाराची ठेवा. ‘करमते का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर रडूच असते. आज प्रयोगशाळेत काय केले, डब्यात भाजी कोणती होती, शेजारच्या पलंगावरची मुलगी कुठली, असे विचारा. घरी येण्याची पुढची तारीख आत्ताच ठरवा आणि रेल्वेचे आरक्षण करून तिकीट तिला पाठवून द्या. ‘लवकर ये’ म्हटल्याने दिवस मोजता येत नाहीत, हातात तारीख असली की येतात. तिला दर शनिवार-रविवारी मात्र बोलावू नका. ज्या मुली दर आठवड्याला घरी पळतात त्यांना वसतिगृहात मैत्रीण मिळायला वर्ष लागते.

एक गोष्ट मात्र आधी पडताळून पाहा. रडणे ‘घरची आठवण येते’ याचे आहे, की विशिष्ट गोष्टीचे? रात्री खोलीबाहेर पडायला घाबरणे, न्हाणीघरात एकटी न जाणे, कोणा वरच्या वर्गातल्या मुलींचे नाव निघाले की विषय बदलणे, खोली बदलून मागणे, असे काही असेल, तर ‘सवय होईल’ हे उत्तर चालणार नाही. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे आहेत, आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर चोवीस तास तक्रार करता येते. तक्रार पालकही करू शकतात. तसे असल्यास फोनवर समजूत घालत बसू नका, पहिल्या गाडीने जा.

नुसतीच घरची आठवण असेल, तर तिला आणू नका. ती सांगते आहे, रडते आहे, हे मला जमेचे वाटते. याच अंकात वर ज्या मुलाचे पत्र आहे, तो रडलेला नाही, आणि मला त्याची काळजी तुमच्या मुलीपेक्षा जास्त वाटली.

प्रश्न : मी कसाऱ्याहून रोज मुंबईला कॉलेजला जाते. पहिले लेक्चर साडेसातचे असते, म्हणून साडेतीनला उठते. घरी आल्यावर अभ्यासाला बसले की डोळे मिटतात. हजेरीही कमी भरते. मी आळशी झाले आहे का?

उत्तर : कसाऱ्याहून सीएसएमटी सुमारे १२० किलोमीटर आहे, आणि जाता-येता गाडीतच पाच तास जातात. साडेतीनला उठणाऱ्या मुलीला आळशी म्हणायचे, तर बाकीच्या जगाला काय म्हणावे? सकाळच्या गाडीत अभ्यास करायचा हट्ट सोड; कसाऱ्याला गाडी सुटते तिथे बसायला जागा मिळते, तिचा उपयोग झोपेसाठी कर. अभ्यास कॉलेज सुटल्यावर तिथल्याच ग्रंथालयात दीड तास करून मगच निघ, म्हणजे घरी पोचल्यावर फक्त जेवण आणि झोप उरेल. हजेरी ७५ टक्के लागते, तेव्हा तू कुठून येतेस हे वर्गशिक्षकांना आणि उपप्राचार्यांना लेखी कळव, सोबत पासची प्रत जोड. तू सांगितलेले नाहीस, हे पत्रावरूनच कळते. त्यांच्या लेखी तू उशिरा येणारी मुलगी आहेस. कसारा त्यांना ठाऊकच नाही. सकाळची तुकडी बदलून दुपारची मिळण्यासारखी असेल, तर तेही त्याच अर्जात माग.

प्रश्न : आमच्या कॉलेजात समुपदेशक आहेत, पण तिथे गेले तर घरी कळवतात, नोंद राहते आणि पुढे नोकरीच्या वेळी अडते, असे मुली सांगतात. मला गेला महिनाभर काहीच करावेसे वाटत नाही. जावे का?

उत्तर : जावेस, आणि याच आठवड्यात जावेस. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ मन उतरलेले राहिले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप-भूक बिघडली, तर ते अंगावर काढू नये.

घरी कळवतात का, हा प्रश्न रास्त आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि समुपदेशनाच्या व्यवसायाची शिस्तही तीच आहे. तू अठरा पूर्ण केली असशील, तर तुझ्या संमतीशिवाय घरी सांगता येत नाही. मुख्य अपवाद आहे, तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असल्याचा. आणि तेव्हा सांगितले गेले तर ते तू जगावीस म्हणूनच. गुणपत्रिकेवर किंवा दाखल्यावर अशी भेट कुठेही लिहिली जात नाही. पहिल्या भेटीत हे सारे स्पष्ट विचारून घे, चांगला समुपदेशक त्याने दुखावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले आहे. तेव्हा त्या खोलीत जाऊन तू कोणाकडे मेहेरबानी मागणार नाहीस.

कॉलेजातल्या कोणाशीच बोलायचे नसेल, तर ‘टेलि-मानस’ ही फोनवरची मानसिक आरोग्य मदतसेवा आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू केली. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि भाषा मराठी निवडता येते. रात्री-बेरात्री जगणे नकोसे वाटणारा विचार मनात आला, तर सकाळची वाट न पाहता हा क्रमांक लाव आणि खोलीतल्या कोणाला तरी उठव.

राहता राहिली ती दारापर्यंत जायची लाज. निवृत्तीनंतर मी एका महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. माझ्या खोलीशेजारीच कार्यालयाची खिडकी आहे, आणि मुले आत डोकावून ‘मॅडम, बोनाफाईडचा अर्ज इथेच मिळतो का?’ असे विचारतात. अर्ज तिथे मिळत नाही, हे पाटीवर लिहिलेले आहे. पहिल्या वर्षी मी त्यांना खिडकी दाखवत असे. मग एकदा अर्ज विचारायला आलेला एक मुलगा खिडकीकडे न जाता जिन्यात बसून राहिलेला दिसला, आणि मी कार्यालयातून कोऱ्या अर्जांचा गठ्ठाच आणून टेबलावर ठेवला. आता कोणी विचारले की मी ‘मिळतो, बसा’ असे म्हणते. बरेच जण अर्ज इथेच विसरून जातात. तुलाही लागला तर तेच निमित्त कर.